ऐकलं त्याने पुढे सांगायचं

जयवंती गेली हे गंगासागर सोसायटीला कळलं, ते तिला नेलं त्या दिवशी नव्हे. त्या दिवशी सगळे होते. खुर्च्या आल्या, चहा आला, बायका रडल्या, पुरुष घसा खाकरत गेटपाशी उभे राहिले. पण ती गेली म्हणजे नेमकं काय गेलं, हे कळलं कार्य उरकल्यानंतरच्या एका सकाळी. त्या सकाळी पाणी आलं आणि कुणालाही न सांगता निघून गेलं!

दुसऱ्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी हरेश्वर म्हात्रे अंगभर साबण लावून बसले होते. बादली संपली म्हणून त्यांनी नळ फिरवला. नळाने नुसता सुस्कारा टाकला. म्हात्रे पंचा गुंडाळून, डोळे मिटून, भिंत चाचपत जिन्यात आले आणि गरजले,

“आज पाणी आलंच नाही काय?”

“आलं होतं म्हणे!” वरून तिसऱ्या मजल्यावरची कृतिका म्हणाली. तिच्या हातात कुकर होता. कुकरमध्ये तांदूळ होते, पाणी नव्हतं. “बाजूच्या बिल्डिंगवाल्यांनी पिंपं भरली, गाड्या धुतल्या, कुत्रासुद्धा धुतला! आपल्याकडे कुणी हाकच मारली नाही.”

“असं कसं? वहिनींनी...” म्हात्रे म्हणाले.

तळमजल्याच्या दारात जयवंतीचे यजमान शरदचंद्र पेडणेकर उभे होते. सगळी बिल्डिंग जिन्याच्या कठड्यावरून त्यांच्याकडे बघत होती आणि ते बिल्डिंगकडे बघत होते. आपण काहीतरी बोलायला हवं हे त्यांना कळत होतं. पण घरात बोलायचं काम इतकी वर्षं जयवंतीकडे होतं.

बिल्डरने ‘गंगासागर’ हे नाव कुठल्या भरवशावर ठेवलं देव जाणे! चंदनसारच्या त्या गल्लीत पाणी यायचं, पण कधी यायचं ते पाण्यालाच ठाऊक. आलं तरी घाईतल्या पाहुण्यासारखं यायचं. चहा टाकेपर्यंत निघालेलं! तेवढ्यात ज्याने त्याने आपापली पिंपं, बादल्या, पातेली भरून घ्यायची.

मुख्य पाइप शरदचंद्रांच्या मोरीतून वर जायचा. पाणी यायच्या आधी तो पाइप खोकायचा. तो खोकला फक्त जयवंतीला कळायचा. शरदचंद्रांना वाटायचं, शेजारचे आजोबा खोकतात. ते आजोबा वारले तेव्हा कुठे त्यांना कळलं, की पाइप वेगळा आणि आजोबा वेगळे!

पाइप खोकला की जयवंती हातातलं टाकून जिन्याखाली यायची आणि हाक द्यायची. तिचं माहेर वसईच्या किनाऱ्यावरचं भुईगाव. वडिलांची केळीची वाडी होती. विहिरीवर पंप सुरू झाला, की वाडीच्या पार टोकाला पाटाचं तोंड वळवायला उभ्या असलेल्या भावाला हाक मारायची, हे तिचं लहानपणापासूनचं काम. मध्ये केळीचं सगळं रान. त्या रानाला भेदून जाणारा आवाज चंदनसारच्या जिन्यात मावायचा नाही. पहिल्या मजल्यावर एलिना आंटी ऐकायच्या, त्या वर ओरडून म्हात्र्यांना सांगायच्या, म्हात्रे कृतिकाला सांगायचे. ऐकलं त्याने पुढे सांगायचं, ही गंगासागरची पद्धत होती. न्हाणीघरात असलेला असो, पूजेला बसलेला असो, नाहीतर गाढ झोपलेला असो, निरोप कुणाचा चुकायचा नाही. कृतिकाच्या वर गच्ची आणि गच्चीवर कबुतरं. म्हणून तिथे निरोप थांबायचा.

“ग्रुपवर टाकत जाऊ,” कुणीतरी म्हणालं.

“ग्रुप कोण बघतो?” कृतिका म्हणाली. “म्हात्रेकाका रोज सकाळी फुलं पाठवतात. सगळ्यांनी म्यूट केलाय!”

“सगळ्यांनी?” म्हात्र्यांना हे साबणापेक्षा जास्त झोंबलं होतं.

आणि तेव्हा शरदचंद्र बोलले. का बोलले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. लोक त्यांच्या दाराकडे बघत होते आणि दार रिकामं होतं, एवढं खरं.

“मी ॲप करतो!”

कठड्यावरची डोकी एकमेकांकडे वळली.

“पाणी आलं एवढंच सांगायचं ना? एक बटण! दाबलं की सगळ्यांच्या मोबाइलवर हाक! त्यात कुठे लंका जिंकायचीय?”

आता शरदचंद्रांची मोबाइलमधली गती सांगायला हवी. गोरेगावच्या रंगाच्या कंपनीत ते स्टोअरकीपर म्हणून रिटायर झाले. डबा न उघडता आतला रंग सांगायचे. पण मोबाइलचा टॉर्च एकदा चुकून लागला, तेव्हा तो विझवता न आल्याने त्यांनी फोन रात्रभर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता. अशा माणसाने ॲप करतो म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याने पाचूबंदरला जाऊन होडी मागण्यासारखं होतं.

पण नताशाने त्यांना हसून वाटेला लावलं नाही. नताशा ही एलिना आंटींची मुलगी, कम्प्युटरच्या कंपनीत कामाला, अर्धे दिवस घरून काम करणारी.

“अंकल, एकदम इझी आहे,” तिने लॅपटॉप उघडला. “कोड लिहायचाच नाही. हे बघा, रंगीत ठोकळे. एकाला एक जोडायचे. फर्स्ट टाइम करणाऱ्यांसाठीच आहे हे. शाळेतली पोरं करतात.”

“शाळेतल्या पोरांना अजून काही विसरायचं नसतं,” शरदचंद्र म्हणाले. “मला आधी जागा करावी लागेल.”

पहिला धडा मांजराचा होता. स्क्रीनवर मांजराचं चित्र ठेवायचं आणि मागे ठोकळे जोडायचे. चित्र दाबलं की मांजर म्याँव करणार.

“म्हणजे पुढे दुकान आणि मागे गोडाऊन,” शरदचंद्र म्हणाले. “गिऱ्हाइकाने बटण दाबलं ही मागणी. म्याँव हा माल. मागणी आल्याशिवाय माल सोडायचा नाही.”

नताशा बघतच राहिली. “अंकल, हे मला कॉलेजात कुणी असं सांगितलं असतं तर!”

मांजर बोलायला लागलं त्या दिवशी शरदचंद्र संध्याकाळभर त्याला दाबत बसले. घरात कुकरची शिट्टी नव्हती, बांगड्या नव्हत्या, ‘अहो, ऐकलं का’ नव्हतं. कितीतरी दिवसांनी घरात कुणीतरी काहीतरी बोलत होतं. ते म्याँव होतं ही वेगळी गोष्ट. थोड्या वेळाने खिडकीत गल्लीतलं खरं मांजर येऊन बसलं. त्याने आत पाहिलं. एक म्हातारा आणि एक फोन. त्याला काय वाटलं कोण जाणे, पण ते रोज यायला लागलं.

“आता म्याँवच्या जागी काय टाकू? घंटी टाकू?” नताशाने पुढच्या धड्याला विचारलं.

“आवाज आहे माझ्याकडे.”

शरदचंद्रांनी फोन पुढे केला. मागे एकदा म्हात्र्यांनी हट्ट धरला होता, की वहिनींनी जिन्यात ओरडण्याऐवजी ग्रुपवर बोलून पाठवावं. जयवंतीने एकदाच पाठवलं. तिने फोन तोंडाशी धरला आणि फोनलाच जिना समजून ओरडली. ते ग्रुपवर गेलं, कुणी ऐकलं नाही, आणि तिने पुन्हा तो नाद केला नाही. पण शरदचंद्रांच्या फोनमध्ये ते राहिलं होतं.

“पाणी आलं होऽऽऽ! उठा, पिंपं लावाऽऽ!” आणि मग जरा खालच्या, घरच्या आवाजात, “अहो! दूध बघा, दूध! उतू चाललं! काय माणूस आहे, समोर बसलाय आणि दिसत नाही!”

नताशाने हळूच लॅपटॉपवरचा हात काढला.

“अंकल,” ती म्हणाली, “मागचं कट करूया ना? दुधाचं?”

“नको.”

“पण त्याचा पाण्याशी काय संबंध?”

“काहीच नाही. दूधही उतू गेलंच त्या दिवशी.”

जयवंतीचा आवाज म्हणून त्यांच्याकडे एवढंच होतं. फोटो ढीगभर होते, पण फोटो काही हाक मारत नाहीत. शरदचंद्रांना दुसरं काही नको होतं. तिने हाक मारावी आणि लोकांनी बादल्या घेऊन धावावं. तेवढं रोज झालं, तर ती सगळीच्या सगळी गेली असं म्हणता येणार नाही.

“कुणाला सांगू नकोस,” ते नताशाला म्हणाले. “आधी सांगितलं तर मीटिंग घेतील.”

नताशाने ठोकळे जोडून दिले. शरदचंद्रांनी आपल्या फोनवर बटण दाबलं, की ज्याच्या ज्याच्या फोनवर ॲप उघडं असेल, त्या सगळ्यांवर जयवंतीची हाक. झालं काम! नताशा दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेली.

इथवर सगळं ठीक होतं. इथेच थांबले असते तर बरं झालं असतं! पण शरदचंद्र एकटे बसले, त्यांनी ठोकळे पुन्हा वरून खाली तपासले, आणि त्यांच्यातल्या स्टोअरकीपरला त्रुटी सापडली. हाक फक्त एकदाच, फक्त तळमजल्यावरून जात होती. एलिना आंटींनी ऐकलं, पुढे काय? म्हात्र्यांनी ऐकलं, पुढे काय? गंगासागरची पद्धत कुठाय?

त्यांनी चष्मा पुसला आणि आपल्या हाताने, कुणाची मदत न घेता, एक ठोकळा जोडला. हाक ऐकू आली की फोनने स्वतः तीच हाक पुढे सगळ्यांना पाठवायची. ठोकळा टक्कन बसला. शरदचंद्रांना इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. त्यांनी ॲप सगळ्यात आधी पुण्याला, मुलीला, संपदाला पाठवलं. तिला चंदनसारचं पाणी भरायचं नव्हतं, पण बापाने केलेलं पहिलं ॲप म्हणून. मग दारोदार फिरून बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या फोनवर चढवलं.

“शरदभाऊ, माझा फोन म्हणतोय हे ॲप धोकादायक असू शकतं!” म्हात्रे म्हणाले.

“तो मला ओळखत नाही म्हणून तसं म्हणतो.”

“मी ओळखतो, म्हणून तर जास्त भीती वाटते!”

“ॲप उघडंच ठेवायचं,” शरदचंद्रांनी बजावलं. “फोन चार्जिंगला लावा, पण बंद करायचं नाही. आणि आवाज फुल!”

रविवार उजाडला. शरदचंद्र सकाळपासून मोरीत स्टुलावर बसले होते. पाइपला स्टीलचा पेला लावलेला आणि पेल्याला कान. डॉक्टरने पेशंटला इतकं लक्षपूर्वक तपासलं नसेल. आणि पाइप खोकला! खोल, कफाचा, ओळखीचा. इतकी वर्षं ती हा ऐकत होती तर!

शरदचंद्रांनी बटण दाबलं.

“पाणी आलं होऽऽऽ!”

पहिल्या मजल्यावरून आवाज आला, दुसऱ्यावरून आला, तिसऱ्यावरून आला. सगळ्या जिन्यात जयवंती भरून राहिली. शरदचंद्र पेला हातात धरून दारात आले. वर दारं धडाधड उघडत होती, बादल्या वाजत होत्या.

“आले गं बाय, आले!” एलिना आंटी सवयीने ओरडल्या. मग त्यांच्या हातातलं पातेलं सुटलं आणि जिन्यावरून गडगडत शरदचंद्रांच्या पायाशी आलं. “जेजू! ही तर जयवंती!”

“लावलं पिंप, वहिनी!” म्हात्र्यांनीही उत्तर दिलं, नळ सोडला आणि मग तिथेच पाचावर धारण बसून थिजले. “वहिनी?”

“अहो! दूध बघा, दूध! उतू चाललं!”

पाणी तसंच सोडून सगळी बिल्डिंग गॅसकडे धावली! ज्यांच्याकडे दूध होतं त्यांनी गॅस बंद केला. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनीही बंद केला. कृतिकाने शिट्टीला आलेला कुकर उतरवला.

“काय माणूस आहे, समोर बसलाय आणि दिसत नाही!”

कृतिकाचा नवरा उमंग खरोखरच समोर बसला होता. तो ताडकन उभा राहिला.

खाली शरदचंद्रांचे डोळे भरून आले. झालं! चाललं! आता ही थांबेल, लोक पाणी भरतील, मग खाली येऊन म्हणतील...

“पाणी आलं होऽऽऽ!”

पुन्हा?

प्रत्येक फोनने हाक ऐकली होती आणि पद्धतीप्रमाणे पुढे पाठवली होती. ती ऐकून बाकीच्यांनी पुढे पाठवली. आता एक जयवंती थांबेपर्यंत दुसरी सुरू व्हायची, दुसरी पाण्यावर असताना तिसरी दुधावर पोचायची. वरच्या मजल्यावर ‘उठा’, मधल्या मजल्यावर ‘उतू चाललं’, खालच्या मजल्यावर ‘काय माणूस आहे’! चालती-बोलती असताना एका जयवंतीपुढे शरदचंद्रांची डाळ शिजत नसे. आता घराघरात एकेक होती!

लोकांना सुचेना. मोरीत जावं तर ती दुधाकडे पिटाळायची, दुधाकडे जावं तर पिंपाकडे. त्या धावपळीत एकाही घरात नळ बंद झाला नाही. पिंपं भरली, वाहिली, मोऱ्या तुंबल्या आणि तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने पाणी खाली यायला लागलं. गंगासागरने नाव काढलं! बाजूच्या बिल्डिंगची माणसं हाक ऐकून कळशा घेऊन गेटवर उभी राहिली.

“आमच्याकडे एक थेंब नाही आणि तुमच्याकडे धबधबा?”

मग नळांनी सुस्कारा टाकला आणि पाणी गेलं. जयवंती थांबली नाही.

“पाणी गेलं की हो!” कृतिका वरून ओरडली. “आणि काकी म्हणतायत, आलं!”

“वहिनी जन्मात खोटं बोलल्या नाहीत!” म्हात्रे उखडले. “तू नळ नीट फिरव!”

“अहो काका, पूर्ण फिरवला. हातात आला तो!”

फोनमधलं ॲप आहे हे लोकांना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण ज्या बाईला आपण खांदा दिला ती स्वयंपाकघरात ओरडत असेल, तर कळण्याचा काही उपयोग नसतो. कुणी फोन उशीखाली दाबला, कुणी कपाटात टाकला. उमंगने पिठाच्या डब्यात घातला. आता डबा बोलायला लागला!

“वहिनींचं काहीतरी राहिलंय,” म्हात्रे दबक्या आवाजात म्हणाले. एव्हाना सगळे जिन्यात जमले होते, पाय भिजलेले, चेहरे उतरलेले. “शरदभाऊ, त्यांची काही इच्छा?”

“अहो, ते मी...” शरदचंद्र म्हणाले, पण वरून चार जयवंत्या एकदम बोलल्या आणि त्यांचं कुणी ऐकलं नाही. तसं घरीही व्हायचं.

“दूध,” एलिना आंटी म्हणाल्या. “दुधाचं म्हणते ना ती सारखी.”

लगेच वाटीत दूध आलं. म्हात्र्यांनी ती वाटी शरदचंद्रांच्या दाराशी ठेवली, हात जोडले आणि म्हणाले, “वहिनी, शांत व्हा. सोसायटीचं काही चुकलं असेल तर पदरात घ्या. मागच्या वर्षी गणपतीच्या जेवणात तुम्हाला शेवटच्या पंगतीत बसवलं, ते माझ्यामुळे नव्हे, कमिटीमुळे!”

सगळे श्वास रोखून वाटीकडे बघत राहिले. आणि खिडकीतून उडी मारून ते मांजर आलं. ते शांतपणे वाटीशी बसलं आणि दूध प्यायलं. मग त्याने वर पाहिलं, ते थेट शरदचंद्रांकडे, आणि म्हणालं, “म्याँव!”

“घेतलं!” कृतिका किंचाळली. “काकींनी घेतलं!”

“मांजर आहे गं ते!” शरदचंद्र कळवळले.

“कावळ्याच्या जागी मांजर! आता चंदनसारला कावळे राहिलेत कुठे?”

तेवढ्यात गेटमधून नताशा आली. ती सकाळच्या मिस्साला चर्चमध्ये गेली होती. चांगल्या कपड्यांत, चपला हातात घेऊन, ती जिन्यातला ओढा ओलांडत आत आली आणि दोनच क्षण ऐकत उभी राहिली.

“अंकल, तुम्ही काय टच केलं?”

“काही नाही गं. आपली पद्धत तेवढी टाकली.”

“कुठली पद्धत?”

“ऐकलं त्याने पुढे सांगायचं.”

नताशा ओल्या पायरीवर बसलीच. “ओ अंकल! माणसं ऐकतात, पुढे सांगतात आणि गच्ची आली की थांबतात. याला गच्ची कुठाय?”

मग ती उठली आणि कंडक्टरसारखी ओरडली, “सगळ्यांनी आपापलं ॲप बंद करा! लगेच! एकूण एक!”

कपाटं उघडली, उशा उचलल्या गेल्या, पिठाच्या डब्यातून पांढरा फोन निघाला. एकेक जयवंती गप्प होत गेली. तिसरा मजला गप्प झाला. दुसरा झाला. पहिला झाला. शरदचंद्र कान देऊन ऐकत होते. माणूस जातं तेव्हा एकदाच जातं. हे मजल्यामजल्याने जाणं त्यांना सोसवेना.

आणि तरी त्यांच्या हातातल्या फोनमधून हाक आलीच. “पाणी आलं होऽऽऽ!”

“तुमचाच एक राहिलाय ना? मग हाक येते कुठून?” नताशाच्या कपाळाला आठी पडली. “कुणाचा तरी अजून चालू आहे. तो तुम्हाला पाठवतोय आणि तुमचा त्याला.”

म्हात्र्यांनी पंच्याने पाय पुसले आणि वसुलीला निघाल्यासारखे दारोदार गेले. सगळ्यांचे फोन तपासले, बाजूच्या बिल्डिंगवाल्यांच्या कळशांत डोकावले. “कुणाचाच नाही!” ते धापा टाकत म्हणाले. “म्हणजे आता खरोखरच...”

शरदचंद्रांना मात्र कळलं होतं. ते नताशाला बाजूला घेऊन म्हणाले, “तुझा फोन दे जरा.” आणि त्यांनी पुण्याचा नंबर लावला.

“संपदा, बाळा, मी पाठवलं होतं ते ॲप...”

“हो बाबा. चालू आहे.” मुलीचा आवाज भरलेला होता. “सकाळपासून ऐकतेय.”

“सकाळपासून?”

“ते संपतं आणि आपोआप पुन्हा लागतं. मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी मुद्दाम तसं केलंय.”

शरदचंद्रांभोवती सगळी बिल्डिंग ओल्या पायांनी उभी होती.

“बाबा, ते दुधाचं आहे ना, तिथे ती अगदी घरातल्यासारखी बोलते. तेवढ्यासाठी मी आधीचं सगळं ऐकते.”

“बाळा, बंद कर आता ते. इथे लोक घाबरलेत. म्हात्र्यांनी मांजराला दूध पाजलं.”

“करते.” मग ती म्हणाली, “अजून एकदा होऊ दे?”

“होऊ दे,” शरदचंद्र म्हणाले.

त्यांनी आपला फोन जिन्याच्या कठड्यावर ठेवला. हाक आली. पाणी आलं, उठा, पिंपं लावा. कुणी हललं नाही. मग दूध. मग ‘काय माणूस आहे, समोर बसलाय आणि दिसत नाही’. एलिना आंटींनी कपाळावर क्रूस केला. म्हात्रे मान खाली घालून पायांकडे बघत होते. पुण्यात संपदाने बंद केलं असावं, कारण त्यानंतर काही आलं नाही. जिन्यातून नुसतं पाणी ठिबकत होतं.

संध्याकाळी पार्किंगमध्ये मीटिंग झालीच. कुणी रागावलं नाही, तेच शरदचंद्रांना जड गेलं.

“ॲप फर्स्ट क्लास आहे,” म्हात्रे म्हणाले. “आज कुणाचं पाणी चुकलं नाही, जिन्याचंसुद्धा. पण शरदभाऊ, आवाज बदला. घंटी टाका, भोंगा टाका, काय वाटेल ते टाका.” मग त्यांनी घसा खाकरला. “मी आज वहिनींना ‘लावलं पिंप’ म्हणालो. मग मला आठवलं. रोज सकाळी असं आठवायचं, हे आम्हाला झेपायचं नाही हो.”

“मला चालेल,” एलिना आंटी म्हणाल्या. “पन माझी पातेली किती फुटायची?”

“पातेली फुटत नाहीत आंटी, पोचे येतात,” कृतिका म्हणाली, आणि तिलाच एकदम रडू आलं.

“बरोबर आहे,” शरदचंद्र म्हणाले. “बदलतो.”

नताशाने त्यांनी जोडलेला ठोकळा काढून टाकला. आता हाक एकदाच जाते आणि थांबते. घंटीचा आवाजही तिने शोधून पाठवला. छान आहे, देवळातल्यासारखा. मी टाकून देऊ का, असं तिने दोनदा विचारलं. शरदचंद्र म्हणाले, नको, मला येतं. येतंच. म्याँव काढून जयवंती टाकली होती, तसं जयवंती काढून घंटी टाकायची. पहिल्या धड्यातलं काम आहे.

तोवर पाइप खोकला की ते स्वतः जिन्याखाली जाऊन ओरडतात. त्यांचा आवाज जेमतेम एलिना आंटींपर्यंत जातो, त्या म्हात्र्यांना सांगतात, म्हात्रे कृतिकाला.

“शरदभाऊ, ॲपचं कुठवर आलं?” लोक अधूनमधून विचारतात.

“होत आलंय,” ते सांगतात.

सगळं झालं आहे. फक्त आवाज बदलायचा राहिला आहे.